कस्टम्सची मालिका लिहिताय? तपासाचा क्रम असा बसवा

सीमाशुल्क अधिकाऱ्यांवरच्या संहितेत एक प्रसंग ठरलेला असतो. मध्यरात्री इन्स्पेक्टर एकटाच गोदामाचं दार लाथेने उघडतो, पेटी फोडतो, मालकाच्या हातात बेड्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी न्यायालय शिक्षा सुनावतं. यात झडतीचं अधिकारपत्र नाही, पंच नाहीत, समन्स नाही, नोटीस नाही. लेखकाला वाटतं की कागद वगळले की वेग येतो. खरं तर कस्टम्सच्या प्रकरणात ताण कागदांतच असतो. प्रत्येक पायरीला ठरावीक दर्जाचा अधिकारी लागतो, ठरावीक कागद लागतो आणि प्रत्येक पायरीचं घड्याळ वेगळं असतं. आरोपी सुटतो तो यातलं काहीतरी चुकल्यामुळे. हा क्रम हाती असला की कथानक निम्मं बांधून होतं.

खालची मांडणी गोव्यात घडणाऱ्या कथेसाठी आहे. कायद्याचा आधार सीमाशुल्क अधिनियम, १९६२.

१. माल, साल आणि जागा एकदम ठरवा

ही तिन्ही वेगवेगळी ठरवली की पुढे सगळं अडतं. तस्करी नफ्यासाठी होते आणि नफा त्या वर्षाच्या शुल्कावर ठरतो.

सोन्याचंच बघा. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलं. किलोचा भाव ७० लाख धरला, तर आधी एका किलोमागे साडेदहा लाख वाचत होते, नंतर फक्त चार लाख वीस हजार (वरचा जीएसटी वेगळा). तिकीट, माल नेणाऱ्याची मजुरी आणि पकडलं जाण्याचा धोका या चार लाखांतून भागवायचा. त्यामुळे २०२३ ची टोळी आणि २०२५ ची टोळी एकाच हिशोबाने वागणार नाही. पूर्वी दोन किलो नेणारी बाई नंतर तेवढ्याच जोखमीला तयार होईल का, हा प्रश्न पात्राला पडला पाहिजे.

जुन्या काळातली कथा असेल तर बिस्किटाचं वजन नीट लिहा. परदेशी शिक्क्याचं 'दहा तोळ्यांचं' बिस्किट ११६.६४ ग्रॅम भरतं. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम, म्हणून लेखक सरळ शंभर ग्रॅम लिहून टाकतात. शंभर बिस्किटांच्या प्रसंगात एक किलो ६६४ ग्रॅमचा फरक पडतो.

जागेची पडताळणी:

- मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्याआधीच्या कथेत विमान दाबोळीलाच उतरेल.
- गोव्याच्या कस्टम्स आयुक्तालयाचं कस्टम हाउस मुरगाव हार्बरला आहे. पणजीहून 'दोन मिनिटांत पोचतो' असं कोणाच्या तोंडी देऊ नका.
- मार्च २०१८ मध्ये लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या. त्यानंतर काही वर्षं मांडवी-जुवारी नद्यांतून प्रामुख्याने आधीच काढून ठेवलेलं, लिलावात विकलेलं खनिज हललं. २०२० च्या कथेत खाणीवरून ताजं खनिज नदीकडे नेऊ नका.
- १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. तेव्हा ट्रॉलर मालिम, कुटबण, खारीवाडा अशा धक्क्यांना बांधलेले असतात. त्या दिवसांत रात्री समुद्रात ट्रॉलर दाखवलात, तर तो सगळ्यांच्या डोळ्यांवर यायला हवा. तस्करालाही हे ठाऊक असतं.

२. प्रकरण कोणत्या खात्याचं आहे?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पत्रादेवीला गोव्याची दारू लपवून नेणारी गाडी अडते ती राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या नाक्यावर. कस्टम्सचा तिथे संबंध नाही. किनाऱ्यावरच्या पार्टीतली अमली पदार्थांची धाड बहुतेक वेळा गोवा पोलिसांचं अमली पदार्थविरोधी पथक किंवा एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) टाकते. कस्टम्सलाही एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली अधिकार आहेत, पण त्यांचा धागा विमानतळ, बंदर आणि सागरी किनारा इथून सुरू होतो. डीआरआय म्हणजे महसूल गुप्तचर संचालनालय. ते कस्टम्सच्याच केंद्रीय मंडळाखाली येतं, पण आयुक्तालयाहून वेगळं आहे. दोघांना एकाच टेबलावर बसवण्याआधी खबर कोणाची, हे ठरवा. खबर ज्याची, प्रकरण त्याचं. दोन खात्यांतली चढाओढ हवी असेल तर ती इथूनच उगवते.

दर्जाची उतरंड एकदा लिहून भिंतीवर लावा: इन्स्पेक्टर किंवा प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर, सुपरिटेंडेंट, सहायक किंवा उपायुक्त, संयुक्त किंवा अतिरिक्त आयुक्त, आयुक्त. सुपरिटेंडेंटपासून राजपत्रित. समन्स राजपत्रित अधिकारीच काढतो. जागेच्या झडतीचं अधिकारपत्र सहसा सहायक किंवा उपायुक्तांच्या सहीने निघतं. तुमचा नायक इन्स्पेक्टर असेल, तर या दोन्ही ठिकाणी त्याला वरिष्ठांच्या दारात उभं राहावं लागेल. प्रामाणिक माणूस आणि कचखाऊ साहेब यांचा प्रसंग तिथे सहज मिळतो.

तपासा: अंगावर पांढरा गणवेश आहे का? विमानतळ आणि बंदरावरच्या कस्टम्सचा गणवेश पांढरा असतो. खाकी दिसली की प्रेक्षक पोलीस समजतो.

३. खबर ते अडवणूक: विमानतळाचा प्रसंग

प्रवासी उतरण्याआधीच त्याची माहिती विमान कंपनीकडून आलेली असते. वारंवार फेऱ्या, दोन दिवसांत परत, तिकीट तिसऱ्यानेच काढलेलं, अशा गोष्टींवरून नाव बाजूला निघतं. खबऱ्याने नाव दिलं असेल तर ती खबर लिहून वरिष्ठांकडे जाते, पण खबऱ्याची ओळख एका अधिकाऱ्यापाशीच राहते. पूर्ण पथकासमोर खबऱ्याचं नाव घेणारा साहेब लिहू नका.

पुढचा क्रम असा:

१. प्रवाशाला ग्रीन चॅनल (काही जाहीर करायचं नसलेल्यांची वाट; जाहीर करायचं असलेल्यांची ती रेड चॅनल) ओलांडू द्या. सामान जाहीर न करता तो पुढे गेला की 'माझ्याकडे शुल्क लागणारं काही नाही' असं त्याने सांगितल्यासारखं होतं. आधीच अडवलात तर तो म्हणेल, 'साहेब, मी रेड चॅनललाच चाललो होतो.' हे वाक्य बचावाचा वकील शेवटपर्यंत सोडत नाही.

२. दोन स्वतंत्र पंच बोलवा. कस्टम्सचा कर्मचारी पंच होत नाही. प्रत्येक प्रकरणात तेच दोन लोडर पंच असतील, तर ते वकिलाच्या हाती आयतं कोलीत आहे.

३. पंचांसमोर विचारा: काही जाहीर करायचं आहे का? उत्तर जसंच्या तसं पंचनाम्यात येतं.

४. अंगझडतीआधी सांगा की राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी, अशी मागणी करण्याचा तुम्हाला हक्क आहे. कलम १०२. बाईची झडती बाईच घेते.

५. सामान उघडा, सापडलेली वस्तू मोजा, यादी करा, सह्या घ्या.

सोनं पोटात किंवा गुदद्वारात कॅप्सूल करून लपवलेलं असेल, तर कलम १०३ लागू होतं. प्रवासी कबूल झाला आणि स्वतःहून काढायला तयार झाला तर ठीक. नाहीतर एक्स-रेसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि माल नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बाहेर येतो. दाबोळीहून जवळचं सरकारी इस्पितळ चिखलीचं, मोपाच्या बाजूला जिल्हा इस्पितळ म्हापशाचं. पहाटे तीन वाजता गाडी, डॉक्टर, महिला अधिकारी आणि दोन कंटाळलेले पंच जमवणं, यातच अर्धा भाग निघतो.

कॅप्सूलमध्ये सोन्याची पेस्ट असते: सोन्याची पूड आणि तिला धरून ठेवणारं रसायन. म्हणजे वजन दोनदा होतं. पहिल्यांदा पेस्टचं एकूण वजन, मग सराफी मूल्यांकनकार ती वितळवतो तेव्हा निघालेल्या लगडीचं निव्वळ वजन. टेबल जवळून दाखवा: काट्यावर आधी रिकामी थाळी ठेवून शून्य करणारा हात, ओलसर तपकिरी गोळा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबलेला श्वास, आणि तो आकडा मोठ्याने वाचणारा मूल्यांकनकार, कारण पंचांना तो ऐकू गेला पाहिजे. तीन प्रसंगांनंतर कोणीतरी एकूण वजनालाच निव्वळ म्हणून बसतो आणि संहिता फसते. दोन्ही आकडे सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवा.

सावधान: पंचनाम्याला सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. इस्पितळात घालवलेले चार तास त्यात बसायला हवेत.

४. कागदी फसवणूक: खरं कथानक इथे आहे

लेखक सोन्याकडे धावतात. गोव्यात बसून लिहिणाऱ्याला मात्र लोहखनिजासारखा विषय दुसरीकडे मिळणार नाही. गावोगावी लोक त्याला मिनेर म्हणतात, त्याची धूळ खाल्लेली आहे, आणि त्यातली फसवणूक डोळ्यांना दिसू शकते.

नियम असा. लोहांश ५८ टक्के किंवा जास्त असेल तर निर्यात शुल्क ३० टक्के, ५८ च्या खाली शून्य. (२२ मे २०२२ ते १८ नोव्हेंबर २०२२ या काळात सरसकट ५० टक्के होतं. कथा त्या महिन्यांतली असेल तर पुढचं काही जुळणार नाही.) आता लोहांश मोजायचा कोरड्या मालाचा की पाण्यासकट ओल्या मालाचा? हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे ओल्या वजनाच्या बाजूने निर्णय झाला. तुमच्या कथेच्या सालात हेच लागू होतं का, ते वकिलाकडून खात्री करून घ्या.

आता हिशोब. कोरड्या मालात लोहांश ६०.५ टक्के आहे. ओलावा ८ टक्के दाखवला तर ओल्या वजनावर ५५.६६ येतो. शुल्क शून्य. पण एप्रिलमध्ये महिनोन्‌महिने उन्हात पडलेल्या ढिगाचा खरा ओलावा ३ टक्के असेल, तर तोच आकडा ५८.६९ होतो. ३० टक्के लागू. ५५ हजार टनांचं जहाज आणि टनाला सात हजार रुपये धरले, तर माल साडेअडतीस कोटींचा आणि शुल्क साडेअकरा कोटींचं. एवढं सगळं नमुन्याच्या पिशवीवर शिंपडलेल्या पाण्यावर.

गुन्हेगाराला इथे बंदूक लागत नाही. प्लास्टिकची पिशवी, तिचं पुन्हा बांधलेलं तोंड आणि आतल्या बाजूला जमलेले थेंब पुरेत. उन्हाळ्यात धक्क्यावर उभ्या अधिकाऱ्याला ते थेंब खटकतात. भागाची सुरुवात तिथून करा.

तपासाचा क्रम:

१. शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातदाराने कस्टम्सला दिलेल्या घोषणेवर, लोहांश आणि ओलावा पाहणं.
२. नमुना कोणी, केव्हा, कुठून घेतला याची साखळी. साधारण दोन हजार टनांचे पंचवीस-तीस बार्ज (नदीतून खनिज नेणाऱ्या सपाट बोटी) मिळून एक जहाज भरतं. नमुना प्रत्येक बार्जमधून थोडा थोडा घ्यायचा असतो. एकाच बार्जमधला असेल तर तो संशय.
३. नमुन्याचे भाग करून, सीलबंद करून प्रयोगशाळेत. एक भाग राखीव ठेवतात, आणि शेवटी सत्य त्याच राखीव भागातून बाहेर येतं.
४. परदेशी खरेदीदाराने माल उतरल्यावर केलेली तपासणी. पैसे त्या अहवालावर ठरतात, म्हणून तो खोटा करायला खरेदीदार तयार होत नाही. ईमेलमध्ये दडलेला हा अहवाल तपासाला कलाटणी देतो.
५. बँकेत आलेली रक्कम आणि घोषित किंमत यांची जुळणी.

आयातीची गोष्ट हवी असेल तर सुपारी घ्या. फोंडा, सत्तरी, सांगे इथल्या बागायतदाराच्या घरात हा विषय रोजचा आहे. पण एक सापळा ओळखून ठेवा. सुपारीवर मूळ शुल्क १०० टक्के, आणि फेब्रुवारी २०२३ पासून किलोला ३५१ रुपयांपेक्षा कमी किमतीची सुपारी आणायलाच बंदी. त्यामुळे 'किंमत कमी दाखवली' हे नेहमीचं कथानक इथे चालत नाही. उलट किंमत फुगवून ३५१ च्या वर न्यायची आणि शुल्कसवलतीचा करार असलेल्या देशात पिकलेली म्हणून दाखवून शुल्क चुकवायचं, असा डाव असतो. माल आमच्याकडचाच, असं प्रमाणपत्र देणाऱ्या देशात तेवढी सुपारी पिकते का, एवढा साधा प्रश्न अधिकाऱ्याने विचारला की धागा सुटतो.

तपासा: २०२० नंतर आयातीच्या कागदांचं मूल्यांकन दुसऱ्या शहरातला अधिकारी करू शकतो. त्यामुळे गोव्यातल्या अधिकाऱ्याला पाकीट देऊन मूल्यांकन फिरवलं, हे आता सहज पटत नाही. पाकीट मालाची प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्याकडे जाईल. आणि मध्यस्थाला कागदोपत्री आता कस्टम ब्रोकर म्हणतात, पण बोलताना लोक अजून 'सीएचए' (कस्टम हाउस एजंट) असंच म्हणतात. संवादात तेच ठेवा.

५. जप्ती, सरकारजमा आणि शब्दांचा घोळ

मराठीत दोन्हीला आपण 'जप्त केलं' म्हणतो. कायद्यात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांत महिने जातात. कलम ११० खाली अधिकारी माल ताब्यात घेतो ती जप्ती. त्यासाठी 'विश्वास ठेवण्यास कारण' असावं लागतं. माल कायमचा सरकारचा होतो ते सरकारजमा, आणि ते नोटीस व सुनावणीनंतरच. संवादात हे दोन शब्द वेगळे ठेवा.

सोनं पकडलं असेल तर कलम १२३ विसरू नका. माल तस्करीचा नाही, हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्याकडून तो मिळाला त्याच्यावर येतो. लोहखनिजात तसं नाही. तिथे खात्यालाच सगळं जुळवावं लागतं.

रंगमंच सामग्री सांभाळणाऱ्यांसाठी: ८ नोव्हेंबर २०१९ नंतरच्या समन्स, झडतीचं अधिकारपत्र, अटक मेमो अशा कागदांवर एक ओळख क्रमांक छापलेला असतो. त्याशिवायचा कागद वकील वैध मानणार नाही.

६. जबाब

मालिकेचा गाभा हा आहे, आणि नेमका इथेच लेखक थोबाडीत मारायला लावतो. कलम १०८ खालचा जबाब पोलिसांसमोरच्या कबुलीपेक्षा वेगळा असतो. कस्टम्स अधिकारी पोलीस अधिकारी धरला जात नाही, म्हणून त्याच्यासमोरचा जबाब न्यायालयात वापरता येतो. म्हणूनच दुसऱ्या दिवशी आरोपी तो मागे घेतो: मारून लिहून घेतला, तहानलेलं ठेवलं, भाषा कळली नाही. तुमच्या अधिकाऱ्याला हे आधीच माहीत असतं, आणि त्याची सगळी सावधगिरी त्यातून येते. तो पाणी देतो. वेळ लिहितो. माणसाला येते त्या भाषेत लिहितो, शक्यतो त्याच्याच हाताने लिहून घेतो.

वकील खोलीत असू शकतो, पण न्यायालयाने परवानगी दिली तर 'दिसेल पण ऐकू येणार नाही' इतक्या अंतरावर. काचेपलीकडे बसलेला वकील आणि त्याच्याकडे वळणारी आरोपीची नजर, हे दृश्य फुकट मिळतं.

पात्रांच्या बोलण्याकडेही लक्ष द्या. अधिकारी देशभरातून बदलून आलेले असतात. आपसात हिंदी, कागदावर इंग्रजी. ट्रॉलरचा तांडेल (बोटीचा प्रमुख) कोंकणीत बोलेल आणि अधिकाऱ्याला 'सायब' म्हणेल. बार्जमालकाला त्याची माणसं 'पात्रांव' म्हणतील. कनिष्ठ महिला अधिकारी वरिष्ठांना 'सर' म्हणते, 'अहो साहेब' नव्हे. कोंकणी बोलणारं पात्र फक्त हशा पिकवायला आणू नका. गोव्याचा प्रेक्षक ते लगेच ओळखतो आणि दुखावतो.

७. अटक

अटक आपोआप होत नाही. केंद्रीय मंडळाच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने मर्यादा घातल्या: सामानातून उघड तस्करीत माल ५० लाखांचा किंवा जास्त, व्यापारी फसवणुकीत दोन कोटी किंवा जास्त. (शस्त्रं, अमली पदार्थ वगैरेंना वेगळे निकष.) म्हणून किलोला ७० लाखांच्या भावात ३०० ग्रॅम सोनं आणणाऱ्या बाईच्या अटकेवर भागाचा शेवट करू नका. माल जप्त होईल, जबाब होईल आणि ती घरी जाईल. ती जाते म्हणून तिच्यावर पाळत ठेवता येते.

अटक झालीच, तर कारणं लिहून द्यावी लागतात, नातेवाइकाला कळवावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं. जन्मठेप लिहायची असेल तर तुमचं प्रकरण दुसऱ्या कायद्याखाली न्या.

८. नोटिशीचं घड्याळ

जप्तीपासून सहा महिन्यांत 'कारणे दाखवा' नोटीस गेली पाहिजे. आयुक्त लेखी कारण देऊन आणखी सहा महिने वाढवू शकतात, पण मुदत संपण्याआधी संबंधिताला कळवून. मुदत चुकली तर माल परत द्यावा लागतो. इथे लेखक समजतात की खटला संपला. तसं नाही: माल परत गेला तरी नोटीस काढून कारवाई पुढे चालू शकते. गोदामातून सोनं परत घेऊन हसत निघालेला माणूस आणि त्याच्या मागे चालू राहिलेली फाइल, हा दुसऱ्या पर्वाचा धागा.

अपिलाचे रस्तेही वेगळे आहेत. व्यापारी मालाचं प्रकरण आयुक्त (अपील) आणि मग मुंबईच्या सीमाशुल्क अपील न्यायाधिकरणाकडे जातं. प्रवासी सामानाचं प्रकरण न्यायाधिकरणाकडे जात नाही. ते केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्जाने जातं. प्रवाशाच्या सामानातल्या सोन्याच्या प्रकरणात न्यायाधिकरणाचा प्रसंग लिहिला असेल तर तो काढा. रिट घेऊन उच्च न्यायालयात जायचं असेल तर गोव्याचं खंडपीठ पर्वरीला आहे.

९. चित्रीकरणाआधी

दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. तिथे हळूच मोबाइलने एक दृश्य टिपू, असा विचारही करू नका. बंदराच्या आत सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) पहारा असतो. चित्रीकरणाच्या परवानग्या एंटरटेन्मेंट सोसायटी ऑफ गोवाच्या एक खिडकीतून सुरू होतात. तारखा ठरवण्याआधी अर्ज टाका. ग्रीन चॅनल, तपासणी टेबल आणि जबाबाची खोली मात्र वेर्ण्यातल्या एखाद्या रिकाम्या शेडमध्ये उभी करता येते. बार्जचं दृश्य पावसाआधी उरका. जूनमध्ये नदी लाल होते, प्रवाह वाढतो, आणि 'कोरडा ढीग' दाखवायला ताडपत्रीखाली शोधावा लागतो.

सगळ्यात शेवटी एक तक्ता करा आणि तो संहितेसोबत दिग्दर्शकाच्या साहाय्यकाकडे द्या. रकाने पाच: घटना, तारीख आणि वेळ, कोणाच्या सहीने, पंच कोण, वजन किंवा किंमत. वाचनाच्या दिवशी कोणीतरी फक्त हा तक्ता हातात घेऊन बसावं आणि प्रत्येक प्रसंगाला आकडा जुळतो का, एवढंच बघावं.